पोटात ठेवायचं तरी किती?

मराठीत बाईचं कौतुक पोटाशिवाय होत नाही. तिनं दुसऱ्याचे अपराध पोटात घालावेत, घरातल्या गोष्टी पोटात ठेवाव्यात, पोटाला चिमटा काढून मुलांना वाढवावं. पण ज्यात अन्न जातं, पचतं आणि ज्यातून ते बाहेर पडतं त्या तिच्या खऱ्या पोटाबद्दल बोलायची वेळ आली की सगळे गप्प. पाळीवर, अंगावरून जाण्यावर, गर्भपातावर, मारहाणीवर आपण बोलायला शिकलो. एकेकाळी हे सगळंही 'चारचौघांत न बोलण्याचं' होतं. संडासाचा विषय निघाला की मात्र आपल्या गटातही कुणीतरी हसतं, कुणीतरी पदर नाकाला लावतं आणि विषय बदलतो. मी आज नेमक्या त्याच विषयावर लिहिणार आहे.

गेली १९ वर्षं मला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात आय.बी.एस. म्हणतात. शब्दशः मराठी करायचं तर 'चिडचिडं आतडं'. बाई चिडली की तिला चिडचिडी म्हणतात. दुखणाऱ्या आतड्यालाही तेच नाव मिळावं यात नवल ते काय! पोटात कळ येते, मुरडा पडतो, गुबारा धरतो. कधी चार-चार दिवस कोठा साफ होत नाही, तर कधी सकाळपासून पाच वेळा पळावं लागतं. जाऊन आलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत हे सगळं दुपटीनं वाढतं. आणि सोनोग्राफी, रक्त, दुर्बिणीची तपासणी, सगळे रिपोर्ट मात्र 'नॉर्मल'.

हा 'नॉर्मल' शब्द ऐकून किती बायका घरी परतल्या असतील! रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे बाईचे नखरे, असा सरळ हिशेब. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "फार विचार करता तुम्ही. मन रमवा." सकाळी पाचला उठून दोन डबे करून, गाडीला लोंबकळत नोकरीला जाणाऱ्या बाईला मन रमवायला वेळ कुठून आणायचा, हेही त्यांनीच सांगायला हवं होतं.

या आजाराचं निदान रिपोर्टवरून होतच नाही. ते बाईचं म्हणणं नीट ऐकून होतं. त्यासाठी जगभरातले पोटाचे डॉक्टर जे निकष वापरतात त्यांना 'रोम निकष' म्हणतात. चौथी आवृत्ती २०१६ साली आली. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोट दुखणं. आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं रूप बदलणं या तीनपैकी निदान दोन गोष्टी. शिवाय त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असणं. एवढं जुळलं आणि धोक्याचं दुसरं लक्षण नसलं की निदान करता येतं. म्हणजे या आजाराचा मुख्य पुरावा आपला शब्द आहे. आणि बाईचा शब्द पुरावा म्हणून धरायची सवय ना घराला, ना दवाखान्याला, ना ऑफिसला. माझ्या मते या आजाराच्या निम्म्या छळाचं मूळ इथं आहे.

'हे सगळं मनाचं' या वाक्याचाही समाचार घेऊ. आतडं आणि मेंदू यांचा संबंध आहे, तो नाकारायचं कारण नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं मोठं जाळं असतं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन हे रसायन मेंदूत नसून आतड्यात असतं. आय.बी.एस.मध्ये या दोघांमधला निरोपांचा व्यवहार बिघडतो. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू आतडं दुखवून जातो. ताणानं हे वाढतं, हेही खरं. पण ताणानं वाढणारं दुखणं खोटं नसतं. दमाही ताणानं वाढतो, म्हणून कुणी दम्याच्या रोग्याला नखरे करतो म्हणत नाही.

शिवाय हा आजार सुरू व्हायला नेहमी मनच लागतं असं नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या गावी मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले. दोन हजारांवर माणसं आजारी पडली, सात जण दगावले. त्यानंतर त्या गावावर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात पुढे आय.बी.एस.चं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि बायकांना तो होण्याचा धोका जास्त निघाला. आपल्याकडे दर पावसाळ्यात गढूळ पाण्यानं वस्त्याच्या वस्त्या आजारी पडतात. जुलाब थांबले की आपण देवाचे आभार मानतो. नंतर वर्षानुवर्षं रेंगाळणारं पोट कुणी मोजत नाही. माझं दुखणंही अशाच एका पावसाळ्यातल्या आजारपणानंतर सुरू झालं. घाण पाणी पुरवलं कुणी, हा प्रश्न बाजूला राहतो आणि 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला तेवढा मिळतो.

दुसरा सल्ला याहून भयंकर. दुखणं नाभीखाली आणि रोगी बाई, म्हणजे दोषी गर्भाशय. पोट फुगतं, खाली दुखतं म्हणून मी एका खाजगी दवाखान्यात गेले. प्रश्न दोनच विचारले गेले : मुलं किती, आणि ऑपरेशन झालंय का. मग सांगण्यात आलं, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." मी नाही म्हटलं आणि दुसरीकडे गेले. आतडं दुखत होतं, पिशवीचा काही संबंध नव्हता. मला दुसरीकडे जाणं परवडलं. सगळ्यांना परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रत्येकीला काय होत होतं हे मी सांगू शकत नाही. पण बाईच्या पोटातल्या कोणत्याही दुखण्याला पिशवीकडे बोट दाखवायची पद्धत तीच आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांतही आय.बी.एस. असलेल्यांमध्ये गर्भाशय आणि पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतरांपेक्षा जास्त झालेल्या आढळल्या आहेत.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आय.बी.एस.चं लेबल लावून खरा धोका झाकला जाऊ नये. शौचावाटे रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणं, पंडुरोग म्हणजे रक्त कमी असणं, यांपैकी काहीही असेल तर पुढची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आहे, हे विसरून चालणार नाही. आता यातला पंडुरोग पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आहेत. निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असलं की ते 'बायकांचं असतंच' होऊन जातं. जी धोक्याची खूण म्हणून पाहायची तीच नेहमीची ठरते. आणखी एक गोष्ट : पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची तपासणी करावी, असं ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक तत्त्वांत २०११ पासून सांगितलेलं आहे. कारण या वयात आय.बी.एस. नव्यानं सुरू होणं विरळा. 'वय झालं, गॅस होणारच' असं म्हणून आपल्या आया-मावश्यांना ओवा फाकायला देण्याआधी हे लक्षात ठेवू या.

हा आजार बायकांना जास्त होतो की पुरुषांना? २०२१ साली ३३ देशांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ४० टक्क्यांहून जास्त माणसांना या जातीचं पोटाचं काही ना काही दुखणं आढळलं आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. पण भारतातल्या मोठ्या दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या तर आय.बी.एस.साठी येणाऱ्यांत पुरुषच जास्त दिसत आले आहेत. काही जण यावरून म्हणतात की भारतात हा पुरुषांचा आजार. मला ते पटत नाही. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये जो पोचतो त्याचं नाव लागतं. घरातला कर्ता पुरुष पोट धरून बसला तर त्याच दिवशी रिक्षा येते. बाईचं पोट दुखलं तर आधी स्वयंपाक होतो, मग ओवा, मग सोडा, मग 'पुढच्या महिन्यात बघू'. रजिस्टर आजार मोजतं तसंच ते पोचण्याची ऐपतही मोजतं.

आता घरात येऊ. आतड्याची हालचाल सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर सर्वांत जोरात होते. पोट साफ व्हायची निसर्गाची वेळ तीच. घड्याळात ती नेमकी पडते कुठे? पाणी यायच्या, कणीक मळायच्या, डबे भरायच्या वेळेत. घरात संडास एक. आधी सासरे, मग नवरा, मग मुलं. बाईचा नंबर शेवटी, आणि तोवर कळ जिरून गेलेली. आलेली कळ रोज दाबली की आतडं सुस्त होतं. हा काही गूढ रोग नाही, हे घरातलं वेळापत्रक आहे. माझ्या उपचाराची पहिली पायरी औषधाची नव्हती. सकाळची पंधरा मिनिटं माझी, त्या वेळी गॅसपाशी दुसरं कुणीतरी, एवढाच ठराव आम्ही घरात केला. तो अंमलात यायला आठ महिने आणि बरीच भांडणं लागली. नवऱ्याला पोळ्या येत नव्हत्या, आता येतात.

मग पथ्याचा प्रश्न. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही साखरांची यादी केली. त्यांना एकत्रितपणे 'फॉडमॅप' म्हणतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर, दूध, आंबा अशा गोष्टींत त्या जास्त असतात. चार-सहा आठवडे त्या कमी करायच्या, मग एकेक परत घेऊन बघायची, आणि ज्यानं त्रास होतो तेवढीच बेतानं खायची. हे पथ्य जन्मभराचं नाही. सगळं कायमचं सोडून अशक्त होणं हा उपचार नव्हे. ते शक्य तर जाणकार आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं करावं.

डॉक्टर यादी हातात देतात आणि म्हणतात, "कांदा-लसूण बंद." पण कुणाच्या स्वयंपाकात? पुरुषाला पथ्य सांगितलं की त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. बाईला पथ्य सांगितलं की तिनं सगळ्यांसाठी नेहमीचं रांधायचं, आणि वर स्वतःसाठी वेगळं करायचं किंवा ताक-भातावर भागवायचं. दोन स्वयंपाक नकोत म्हणून बहुतेक जणी तिसऱ्या दिवशी पथ्य सोडतात. गंमत अशी, की कांद्याशिवाय स्वयंपाक आपल्याला नवा नाही. कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठं खाऊन चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं आपण पाहिली आहेत. देवासाठी चार महिने कांदा सोडता येतो. सुनेच्या पोटासाठी चार आठवडे सोडायची वेळ आली की आमटीला चव लागत नाही!

माझ्या सासूबाईंनी एकदा हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी अंधार पडल्याशिवाय जाता येत नव्हतं. दिवसभर पोट बांधून काम करायचो. मला वाटायचं, सगळ्यांचंच पोट दुखत असतं." त्यानंतर आमच्या घरात सहा आठवडे कांदा आला नाही. त्यांनीच येऊ दिला नाही.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते. हे प्रत्येकीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या. त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. कांद्याच्या जागी पातीचा हिरवा भाग. मोड आलेली उसळ कमी, त्याऐवजी मुगाच्या डाळीचं पातळ वरण. दुधाचा चहा दिवसातून एकदा. रोज पाण्यातून इसबगोल, थोड्यापासून वाढवत नेलेलं. गव्हाचा कोंडा मात्र मला फुगवायचा, आणि या आजारात अनेकींना तो फुगवतो. उपास बंद केले. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाणा, शेंगदाणे, तळलेलं, असा उपास माझ्या पोटाला कधीच मानवला नाही. सर्वांत शेवटी, उरलेलं, दोन वाजता जेवायचं हेही बंद केलं. सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसते. कधीतरी वाढायला कुणी उठत नाही, तेव्हा मीही उठत नाही.

रोजची नोंद ठेवली : काय खाल्लं, कधी दुखलं, पाळी कधी, शौच कसं. शौचाचे सात प्रकार दाखवणारा 'ब्रिस्टल तक्ता' १९९७ पासून वापरात आहे. तो पाहून प्रकाराचा नुसता आकडा लिहिला तरी डॉक्टरांसमोर लाजत वर्णन करत बसावं लागत नाही. दोन महिन्यांची वही टेबलावर ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा कुणी 'मन रमवा' म्हटलं नाही.

औषधांचं म्हणाल तर ती आहेत आणि गरजेप्रमाणे घ्यावीत. मुरड्यावरच्या गोळ्या, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी आराम पडतो. डिप्रेशनवरची काही औषधं अगदी कमी मात्रेत दिली जातात, ती आतड्याच्या नसांची संवेदना कमी करण्यासाठी. त्यावरून आपल्याला कुणी वेडं ठरवत नाही. पण नव्या गोळीमागे धावताना जरा डोळे उघडे ठेवावेत. टेगासेरॉड हे औषध २००२ साली अमेरिकेत खास बायकांच्या आय.बी.एस.साठी बाजारात आलं आणि हृदयाला धोका दिसल्यामुळे २००७ साली मागे घेतलं गेलं. भारतात त्यावर बंदी यायला २०११ उजाडलं.

घराबाहेर पडलं की सगळा आजार एका प्रश्नावर येऊन थांबतो : संडास कुठे आहे? मी बँकेत कॅशवर बसत असे. पिंजऱ्यातून उठायचं तर रोकड आत ठेवायची, कुलूप लावायचं, बाहेर रांगेतल्या माणसांचं बोलणं खायचं. दिवसातून तिसऱ्यांदा उठलं की कुणीतरी घड्याळ बघतं. लोकलच्या डब्यात संडास नसतो, एस.टी.त नसतो. म्हणून मी सकाळी काही खात नसे, पाणी पीत नसे. आणि पाणी न प्यायल्यानं दुखणं वाढत असे. अशा कितीतरी जणींनी नोकरी सोडली असेल, बढती नाकारली असेल, बाहेरगावचं लग्न टाळलं असेल आणि कारण म्हणून 'घरी अडचण आहे' एवढंच सांगितलं असेल.

म्हणून स्वच्छतागृहाचा लढा मला माझ्या औषधाइतकाच जवळचा वाटतो. २०११ साली मुंबईत अनेक संघटनांनी मिळून 'राइट टू पी' मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय तिनं चव्हाट्यावर आणला. पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना रस्त्यावरच्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची योजना करायला सांगितलं. निकाल कागदावर आहे. आपापल्या वॉर्डात तो कुठवर उतरला, हे मोजायचं काम आपलं. मोजताना एक गोष्ट विसरू नका : मुतारी पुरेशी नाही. दार, कडी, पाणी आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त बसता येईल अशी जागा हवी.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बाईचं पोट दुखतं म्हटल्यावर डॉक्टरांनी पिशवीच्या आधी आतड्याबद्दल विचारावं. पथ्य सांगताना स्वयंपाक कोण करतं हे विचारावं, आणि ते घरातल्या सगळ्यांसमोर सांगावं. कामाच्या ठिकाणी कारण न सांगता उठता यावं, आणि रिपोर्ट नॉर्मल असलेल्या आजारालाही रजा मिळावी. आरोग्य शिबिरांत रक्तदाब मोजतात, तसं 'पोट कसं आहे?' हेही विचारावं.

आणि आपल्या गटांकडे एक मागणी. पुढच्या बैठकीत एक तास या विषयाला द्या. मी आमच्या गटात तो मागून घेतला. सुरुवातीला सगळ्या हसल्या. मग चौदा जणींपैकी नऊ जणी बोलल्या. त्यातल्या एकीला शौचावाटे रक्त जात होतं आणि तिनं ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो.